इन्स्टॉलर केला की पांढरी खिडकी

प्रश्न: देवगडात आमची आंब्याची पॅकिंग शेड आहे. पेट्यांची नोंद आणि बिलं यांसाठी रिअ‍ॅक्ट आणि व्हीट (कोडची तयार फायलींत बांधणी, म्हणजे बिल्ड, करणारं साधन) वापरून वेब अ‍ॅप केलंय. ऐन मोसमात नेट जातं, म्हणून ते इलेक्ट्रॉनमध्ये (वेब अ‍ॅपचं डेस्कटॉप अ‍ॅप करणारं साधन) घातलं. माझ्या मशीनवर डेव्ह सर्व्हर (अ‍ॅप बनवताना चालवायचा सर्व्हर) लावून नीट चालतं, पण इन्स्टॉलर केला की नुसती पांढरी खिडकी. शिवाय तो शंभर एमबीच्या घरात गेलाय. टॉरी या तशाच दुसऱ्या साधनाकडे वळू का?

उत्तर: आधी पांढरी खिडकी. व्हीट बिल्ड करताना फायलींचे पत्ते '/' पासून लिहितं. डेव्ह सर्व्हरवर ते चालतं; पण इलेक्ट्रॉनच्या लोडफाइल या आज्ञेने पान डिस्कवरून उघडलं की तो स्लॅश थेट ड्राइव्हच्या मुळाशी नेतो आणि जावास्क्रिप्ट सापडतच नाही. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये 'बेस' हा './' करा. अ‍ॅपमधली पानं बदलायला रिअ‍ॅक्टचा ब्राउझरराउटर असेल तर हॅशराउटर घ्या. फॉन्ट गुगलच्या लिंकवरून येत असेल तर नेट नसताना बिलाचे रकाने सरकतील. मुक्ता किंवा जो फॉन्ट असेल त्याची वॉफ२ फाइल अ‍ॅपमध्येच ठेवा.

खरी काळजी डेटाची घ्या. एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल अ‍ॅपच्या फोल्डरात नको, कारण इलेक्ट्रॉन अ‍ॅपच्या फायली ज्यात बांधतो त्या एसार पॅकेजात लिहिता येत नाही. ती इलेक्ट्रॉनच्या गेटपाथ या आज्ञेने मिळणाऱ्या 'युजरडेटा' फोल्डरात ठेवा. एसक्यूलाइटसाठी बेटर-एसक्यूलाइट३ हे पॅकेज वापरत असाल तर ते इलेक्ट्रॉनसाठी पुन्हा बांधणारं इलेक्ट्रॉन-रिबिल्ड चालवा, नाहीतर नोड मॉड्यूलची आवृत्ती जुळत नाही म्हणून अ‍ॅप अडेल. आणि वॉल मोड (WAL: बदल आधी वेगळ्या नोंदफाइलीत लिहिण्याची पद्धत) लावलात की हे पॅकेज 'सिंक्रोनस' (लिहिलेलं डिस्कवर कधी पक्कं करायचं ते ठरवणारं सेटिंग) नॉर्मलवर ठेवतं: वीज गेली तर फाइल बिघडत नाही, पण शेवटची एखाद-दोन बिलं उडू शकतात. कोकणात वळवाचा पाऊस आला की वीज जाणारच. प्रॅग्मा या एसक्यूलाइटच्या आज्ञेने 'सिंक्रोनस' 'फुल' करा. थोडं हळू चालेल, चालू द्या.

आता टॉरी. इलेक्ट्रॉन क्रोमियम (ब्राउझर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सोबत नेतो, म्हणून जड. टॉरी विंडोजचाच वेबव्ह्यू२ (वेब पानं दाखवणारा भाग) वापरतो, म्हणून इन्स्टॉलर काही एमबींचा. पण वेबव्ह्यू२ नसलेल्या मशीनवर टॉरीचा इन्स्टॉलर तो नेटवरून उतरवू पाहतो. वेबव्ह्यू२ चा ऑफलाइन इन्स्टॉलर जोडलात तर सुमारे 127 एमबी वाढतात, म्हणजे बचत संपलीच. वर अ‍ॅपची मागची बाजू रस्ट या भाषेत लिहावी लागेल. पेनड्राइव्हने दोन-चार मशीनवर घालायचं असेल तर इलेक्ट्रॉनवरच राहा. फक्त शेडमधल्या एखाद्या संगणकावर अजून विंडोज 7 असेल तर आवृत्ती 22 च्या पुढचा इलेक्ट्रॉन तिथे चालणार नाही, आणि 22 ला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. तो संगणक मोसमाआधी बदला.