चार दिवसांसाठी मुंबईत येतोय, मुलं 13 आणि 16 वर्षांची. मराठी नाटक कसं निवडावं, तिकिटं कधी काढावीत?

तुम्ही लिहिलंय की नाताळच्या सुट्टीत बंगलोरहून पाच जण येताय, सोबत आजी आहेत. मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत, आणि 'चांगल्या नाटकाची' तिकिटं दोन महिने आधीच काढून ठेवायचा विचार आहे. मी ठाण्यात राहते आणि माझी भाचरं दर सुट्टीत बाहेरगावाहून येतात, त्यामुळे हा उद्योग मी बऱ्याचदा केलाय. त्यात दोनदा चांगली तोंडावर पडले आहे.

तर दोन महिने आधी तिकिटं मिळणारच नाहीत, कारण तेव्हा ती विकायलाच आलेली नसतात. आपलं व्यावसायिक नाटक एका नाट्यगृहात मुक्काम ठोकून बसत नाही. शनिवारी दुपारी ठाण्यात, रात्री मुलुंडला, रविवारी दादरला, पुढच्या आठवड्यात पुण्याला, असं सेट ट्रकमध्ये टाकून हिंडत असतं. त्यामुळे आधी नाटक ठरवून मग तारीख शोधलीत तर नेमका तो प्रयोग तुमच्या मुक्कामात नाशिकला असतो. उलट करा. आधी वार आणि भाग ठरवा, मग त्या दिवशी तिथे काय लागलंय ते बघा. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी असतात, म्हणजे 25 डिसेंबर हाताशी आहेच. मधल्या वारांच्या भरवशावर राहू नका.

प्रयोग आठवडा-दोन आठवडे आधी बुकमायशो आणि तिकिटालय या दोन ॲपवर दिसू लागतात. दोन्हीकडे बघा, कारण एकीकडे नसलेला प्रयोग दुसरीकडे सापडतो. आजींना सांगून शनिवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातीही बघायला लावा. आमच्याकडे अजून तो एक सोहळाच असतो. नाट्यगृहाच्या खिडकीवरही तिकिटं मिळतात, पण ती बऱ्याच ठिकाणी दुपारी बंद असते. पाहुण्यांनी त्या नादी न लागलेलंच बरं.

आता माझी फजिती. मागे एकदा ॲपवर 'ठाणे' एवढंच वाचलं आणि सगळ्यांना घेऊन गडकरी रंगायतनला गेले. तलावपाळीवर पाणीपुरी वगैरे खाऊन आरामात दारात पोचलो, तर तिथे भलत्याच नाटकाचा बोर्ड! आमचा प्रयोग काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात होता. तेही ठाण्यातच, पण स्टेशनपासून लांब, पार हिरानंदानी मेडोजला. रिक्षा पकडून धावत गेलो आणि पहिल्या अंकाची पंधरा मिनिटं गेली. ठाण्यात राहून माझं हे झालं, तर बंगलोरकरांचं काय होईल! नाट्यगृहाचं पूर्ण नाव वाचा आणि नकाशावर टाकून बघा.

लोकलने फिरणार असाल तर दादरचं शिवाजी मंदिर किंवा पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर सोयीचं, दोन्ही स्टेशनवरून चालत जाण्यासारखी आहेत. माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर माटुंगा रोड स्टेशनजवळ आहे. रविवारचं तिकीट काढण्याआधी त्या दिवशीचा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद किंवा कमी असतात तो) मात्र बघा, नाहीतर दोनच्या ऐवजी चारला पोचाल.

नाटक कोणतं? इथे माझं मत जरा कडक आहे. 'मुलांवर मराठीचे संस्कार व्हावेत' म्हणून नाटक निवडू नका. मी भाचरांना एकदा अशाच सद्हेतूने एका गंभीर, गाजलेल्या नाटकाला नेलं होतं. धाकटा दुसऱ्या अंकात घोरला आणि थोरली पुढचं वर्षभर 'मावशी, परत नाटक नाही ना?' असं विचारत राहिली. तुमच्या तारखांत बसणारी तीन-चार नाटकं तुम्ही निवडा, त्यांचे ट्रेलर यूट्यूबवर मुलांना दाखवा आणि शेवटचा कौल त्यांना देऊ द्या. स्वतः निवडलेल्या नाटकाला नावं ठेवायला त्यांनाही जड जातं.

निवडताना भाषा सांभाळा. शाब्दिक कोट्यांवर चालणारं नाटक घरात जेमतेम मराठी बोलणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. मालवणीतलं असेल तर माझ्याही बऱ्यापैकी जातं. रहस्यनाटक किंवा गोंधळावर, पळापळीवर चालणारा फार्स असेल तर चार शब्द सुटले तरी बिघडत नाही. आणि काही विनोदी नाटकांत चावट विनोद बरेच असतात. सोळा वर्षांच्या मुलाला त्यावर आजीच्या शेजारी बसून हसायची वेळ यावी, याहून मोठी शिक्षा नाही. ट्रेलरमध्ये आणि खालच्या प्रतिक्रियांत त्याचा अंदाज येतो.

तिकिटांत काटकसर करायची तर दुसरीकडे करा. पुढच्या रांगांना आजकाल साधारण 400-500 रुपये पडतात, बाल्कनी त्याहून स्वस्त. पण बाल्कनीतून नटांचे चेहरे दिसत नाहीत, आणि चेहरा दिसला नाही की मुलाचा हात मोबाईलकडे गेलाच. अगदी पहिली रांगही नको, मान वर करून बसावं लागतं. चौथ्यापासून दहाव्या रांगेपर्यंत मधल्या खुर्च्या घ्या. पाच जणांना सलग जागा मिळवायच्या असतील तर बुकिंग सुरू झाल्याच्या दिवशीच काढा, चांगल्या नाटकाच्या पुढच्या रांगा पहिल्यांदा जातात. आजींना रांगेच्या कडेची खुर्ची द्या. पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, हे जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून विचारलेलं बरं.

आणखी एक, मला फार उशिरा सुचलेलं. मुलांची दोन तिकिटं वेगळी काढा, तुमच्यापेक्षा दोन रांगा पुढे. आईबाप 'हसलास का, कळलं का' असं बघत नसले की ती मोकळी हसतात. आमच्याकडे यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

मुलांनी मराठीला साफ नाहीच म्हटलं तर जुहूचं पृथ्वी थिएटर आहे. तिथे हिंदी-इंग्रजी नाटकं जास्त असतात, खुर्च्या जेमतेम दोनशे, रंगमंचाच्या तीन बाजूंनी, त्यामुळे नट अगदी अंगावर येतो. पण तिथे जागांना नंबर नसतात, म्हणजे सगळे एकत्र बसायचं तर लवकर जाऊन रांगेत उभं राहा. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग तिकीट असलं तरी आत सोडत नाहीत. आपल्या इतर नाट्यगृहांसारखं टॉर्च दाखवून आत नेणं तिथे नाही.

प्रयोग संपल्यावर लगेच पळू नका. मराठी नाटकात आत जाऊन कलाकारांना भेटायची पद्धत आहे, कोणी हाकलत नाही. माझ्या धाकट्या भाच्याला एकदा नाटकातला दाढी चिकटवलेला आजोबा प्रत्यक्षात तिशीचा आहे हे दोन हातांवरून बघायला मिळालं, त्यानंतर तो पुढच्या नाटकाचं स्वतःहून विचारू लागला.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि वड्याची रांग लांब असते. पडदा पडायला लागला की दोघा मुलांपैकी चपळ असेल त्याला पैसे देऊन आधी पिटाळा.