वाचक विचारतात: होस्टेलमधला ताप आणि कार्ड टेस्ट

प्रश्न: आमच्या होस्टेलवर तापाची साथ आहे. रूममेटची सहाव्या दिवशी डेंग्यूची कार्ड टेस्ट (थेंबभर रक्तावर पट्टीने होणारी झटपट तपासणी) झाली. एनएस१ निगेटिव्ह आलं, म्हणून ‘डेंग्यू नाही’ असं सांगून तिला परत पाठवलं. विश्वास ठेवायचा का?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: एवढ्यावरून नाही. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन. ताप चढला त्या दिवसापासून ते रक्तात सापडतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर उतरणीला लागतं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, त्याच सुमाराला वर येतात. सहाव्या दिवशी नुसतं एनएस१ बघणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर पाहुण्याला शोधणं. त्या दिवशी आयजीएम बघायला हवं होतं. अजून उशीर झालेला नाही, ते करून घ्या.

पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर गुंता वाढतो. शरीरात आधीची प्रतिपिंडं तयार असतात, ती एनएस१ला बांधून टाकतात. मग कार्ड तिसऱ्या-चौथ्या दिवशीसुद्धा निगेटिव्ह येऊ शकतं. उलट बाजूही आहे. आयजीएम दोन-तीन महिने टिकतं, त्यामुळे आजचा ताप टायफॉइडचा आणि पॉझिटिव्ह रेघ जुन्या डेंग्यूची, असंही घडतं. झिका या डासांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूशीही त्याची गल्लत होऊ शकते, आणि २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते. म्हणून केसपेपरवर ‘तीन दिवस ताप’ असं मोघम लिहू देऊ नका. ताप कोणत्या तारखेला, सकाळी की रात्री सुरू झाला, ते लिहायला सांगा. सरकारी नोंदीत कार्ड पॉझिटिव्ह म्हणजे ‘संभाव्य’ रुग्ण. ‘निश्चित’ म्हणण्यासाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्त तपासणी लागते. त्यासाठी नमुना सेंटिनल, म्हणजे सरकारने या तपासणीसाठी नेमलेल्या, रुग्णालयात पाठवतात. तिथली आयजीएम एलायझा किट पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तयार होतात.

प्रश्न: होस्टेलमध्ये ४०० मुलं आहेत. किट आणून एकाच दिवशी सगळ्यांची तपासणी उरकावी, असा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
– रेक्टर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: पहिली काळजी ही, की तसं करू नका. हिशोब बघा. समजा ४०० पैकी २ मुलांना खरोखर लागण आहे आणि कार्ड १०० निरोगी लोकांत २ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. म्हणजे उरलेल्या ३९८मध्ये साधारण ८ खोटे पॉझिटिव्ह. हाती आलेल्या १० नावांपैकी ८ चुकीची, आणि त्या आठ घरांत घबराट! ज्याला ताप आहे त्याचीच तपासणी करा, तीही डॉक्टरांनी सांगितल्यावर. मलेरियाची तपासणी मात्र सोबत घ्याच.

किट स्वस्तातलं म्हणून नव्हे, साठवण बघून घ्या. बहुतेक किटवर २ ते ३० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेलं किट केव्हाच गेलेलं असतं. फ्रिजमधलं पाकीट थेट फोडू नका. ते खोलीच्या तापमानाला आलं की उघडा आणि उघडल्यावर लगेच वापरा, कारण पट्टी दमट हवा शोषते.

तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावी. रक्ताचे आणि बफरचे (किटसोबतच्या द्रवाचे) थेंब किती, हे प्रत्येक किटचं वेगळं असतं. पाकिटातला कागद वाचा, मागच्या किटच्या आठवणीवर जाऊ नका. एका किटचा बफर दुसऱ्याला वापरणं ही नेहमीची चूक, त्याने खोटी रेघ उमटते. बोट पिळून रक्त काढलं तर त्यात ऊतीतला द्रव मिसळतो आणि नमुना पातळ होतो. रक्त जास्त पडलं तर पार्श्वभूमी लाल राहते आणि फिकट रेघ दिसत नाही. घड्याळ लावा. बहुतेक कार्डं १५ ते २० मिनिटांत वाचायची असतात. तासाभराने उमटलेली रेघ धरायची नाही. दिलेल्या वेळेत उमटलेली फिकट रेघ मात्र पॉझिटिव्हच. ‘सी’ची, म्हणजे कार्ड नीट चाललं हे सांगणारी, रेघ आली नाही तर कार्ड बाद, निकाल काहीही दिसो.

मलेरियाच्या कार्डाचीही एक खोड आहे. फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचं एचआरपी२ हे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं. नुकताच मलेरिया होऊन गेलेल्याचं कार्ड पॉझिटिव्ह आलं, तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावा.

प्रश्न: मुलगा मुंबईत शिकतो. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, प्लेटलेट्स ८० हजार आहेत. रात्रीच्या बसने घरी बोलावू का?
– पालक, जालना

उत्तर: नको. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास हेच धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. रात्रभर बसमध्ये हे कुणाच्या लक्षात येणार? प्लेटलेट्ससोबत रिपोर्टमधला पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघा. तो वाढतोय आणि प्लेटलेट्स घसरताहेत, ही जोडी वाईट. पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गळून जाणं, सहा तासांत लघवी न होणं: यातलं एकही दिसलं तर तडक रुग्णालय. बाकी वेळ पाणी, ओआरएस, ताक, पेज थोडीथोडी चालू ठेवा आणि डॉक्टर सांगतील तशी रोज रक्त तपासणी.

ताप परत आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन नाही, ‘अंगदुखीची सुई’ही नाही. प्लेटलेट्स चढवायचा आग्रह धरू नका. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांखाली गेल्याशिवाय तो विचार होत नाही. पपईच्या पानांचा रस पाजून मुलाला उलट्या करायला लावण्यापेक्षा ताक बरं.

प्रश्न: कॅम्पसवर धूरफवारणी झाली, तरी रुग्ण का वाढताहेत?
– प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर: धुराने फक्त उडणारे डास मरतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास चालूच राहते, अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पण नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोनमहिने जगतात. काथ्याने घासा. होस्टेलमधली खरी ठिकाणं ठरलेली आहेत: कूलरचा तळ, मेसच्या फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, आणि सुट्टीत बंद राहिलेल्या संडासातल्या फ्लशच्या टाक्या. गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परतण्याआधी या टाक्या रिकाम्या करून घासून घ्या.