वाचकांचे प्रश्न : परत आलेला शोधनिबंध

प्रश्न : एका सरकारी पोर्टलवरील तक्रार नोंदणीवर मी शोधनिबंध लिहिला. संपादकांनी तो परीक्षकांकडे न पाठवताच ‘केवळ प्रणालीचे वर्णन’ असा शेरा मारून परत केला. आता काय करावे?

उत्तर : शेरा कठोर वाटला तरी डिजिटल प्रशासनाच्या अभ्यासक्षेत्रात तो नेहमीचाच आहे. अर्जदार कोणते बटण दाबतो आणि तक्रार कोणत्या टेबलावर जाते, हे कितीही बारकाईने सांगितले तरी त्यातून प्रशासनाविषयी नवे काय कळले, हा संपादकांचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. तक्रार ‘निकाली’ दाखवण्याचा अधिकार ज्या कर्मचाऱ्याविरुद्ध ती आहे त्याच्याच हाती असेल, तर उत्तरदायित्वाचे काय होते, असा प्रश्न धरून निबंधाची फेरमांडणी करावी. पोर्टलच्या पडद्यांची चित्रे (स्क्रीनशॉट) परिशिष्टात टाकली तरी चालतील (खरे तर, गाळलेलीच बरी).

नियतकालिक निवडतानाही हाच विचार करावा. १९८४ साली सुरू झालेले ‘गव्हर्न्मेंट इन्फर्मेशन क्वार्टर्ली’ माहिती धोरण, तंत्रज्ञान आणि शासन यांच्या संबंधांवर भर देते. प्रत्यक्ष अंमलबजावणीकडे कल असेल, तर संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संस्थेचे ‘डिजिटल गव्हर्न्मेंट : रिसर्च अँड प्रॅक्टिस’ पाहावे. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र पाठवू नये. तक्रारींची माहिती जोडणार असाल, तर केवळ नावे खोडून भागत नाही, कारण गाव, तारीख आणि तक्रारीचा विषय एकत्र आले की माणूस ओळखू येतो.