क्रीम भिंती, राखाडी सोफा. हॉलमध्ये उठावदार रंग कसा आणावा?

भिंत रंगवायची घाई करू नका, कापडापासून सुरुवात करा. क्रीम-राखाडीवर मोरपंखी किंवा डाळिंबी छान खुलतो. मला डाळिंबी जास्त आवडतो, संध्याकाळी पिवळ्या दिव्यांत तो फार ऊबदार दिसतो. मोरपंखी त्याच उजेडात हिरवट वाटू शकतो, म्हणून कापडाचा तुकडा घरी आणून दिवसा आणि दिवे लावून, दोन्ही वेळा बघाच.

खणाच्या कापडाचे दोन-तीन अभ्रे शिवून घ्या. विणीतल्या बारीक नक्षीमुळे गडद रंगही अंगावर येत नाही.

सजावटीत रंगांचं ६०-३०-१० असं प्रमाण धरतात: ६० टक्के मुख्य रंग, ३० टक्के जोडीचा रंग. ठळक रंगाच्या वाट्याला १० टक्केच. तो एकाच कोपऱ्यात नको. उशी, फ्रेम, कुंडी असा विखुरलेला हवा. पडदे सगळ्यात शेवटी घ्या, तिथे चुकलं तर खर्च मोठा.