‘खरं सांगितलं तर मार्क जातील ना, मॅडम?’

मैदानी चाचणी आटोपली की मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे मुलं यायला लागतात. धुळ्याची, शिंदखेड्याची, अमळनेरची, कधी पार शहादा-तळोद्याकडची. गोळाफेक झालेली असते, धावणं झालेलं असतं, लेखी परीक्षेचा डोंगर पार केलेला असतो. राहिलेली असते पोलीस उपनिरीक्षकाची मुलाखत. इकडचं तिकडचं बोलणं झालं की जवळजवळ प्रत्येक जण खुर्चीत पुढे सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “खरं सांगितलं तर मार्क जातील ना, मॅडम?”

या ‘खऱ्या’त काय काय असतं! पदवीनंतर घरी बसून गेलेली वर्षं. बापाची हमाली. न येणारं इंग्रजी. बोलता बोलता मध्येच घुसणारी अहिराणी. एका मुलीला तर आपल्या घरी अजून मातीची चूल आहे हे पॅनेलला कळेल की काय, याची धास्ती होती. कसं कळणार होतं, ते मला आजही समजलेलं नाही.

आधी थोडा हिशेब. मुख्य परीक्षा 400 गुणांची, मुलाखत 40 गुणांची आणि मैदान आता पात्रतेपुरतं. म्हणजे अंतिम गुणांत मुलाखतीचा वाटा अकरावा हिस्सा. पण गुणवत्ता यादीत मुलं एकेका मार्काला चिकटून उभी असतात, त्यामुळे हे 40 डोक्यात 400 पेक्षा मोठे होऊन बसतात. घरच्यांना हे कळत नाही, कारण शिपाई भरतीत मुलाखतच नसते. “पयनास ना चांगला, मग आता कसानी भीती?” (चांगला पळालास ना, मग आता भीती कसली?) असं घरी विचारलं जातं आणि मुलगा आणखी गप्प होतो.

शिरपूर तालुक्यातला असाच एक मुलगा. घरात त्याला भावडू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. आला तेव्हा काखेत जाडजूड फाइल. संभाव्य प्रश्न, त्यांची उत्तरं, महत्त्वाच्या ओळींखाली हिरवी रेघ. क्लासच्या सराव मुलाखतीत ‘पोलीसच का?’ या प्रश्नाला तो अडकत होता. उत्तर पाठ असूनही तिसऱ्या वाक्याला घसा कोरडा पडायचा, हात मांडीवर घासायला लागायचा.

“म्हणून दाखव,” मी म्हटलं.

“सर, मला लहानपणापासूनच समाजाची सेवा करण्याची आवड असून खाकी वर्दीबद्दल...” हात सुरू झाला.

“लहानपणी खरंच आवड होती?”

“नाही मॅडम. लहानपणी पोलिसांची भीती वाटायची.”

“मग आवड कधी लागली?”

तो खिडकीबाहेर बघत बसला. त्या दिवशी पुढे काही निघालं नाही, मीही खोदलं नाही.

माझी एक धारणा आहे, ती आधीच सांगून टाकते. भीती वाटणाऱ्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हणणं किंवा त्याच्याकडून ‘मी जिंकणारच’ असं रोज आरशासमोर म्हणवून घेणं, यावर माझा विश्वास नाही. घाबरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःवर खिळलेलं असतं. मी कसा दिसतोय, हात थरथरतोय का, साहेबांना आपलं पितळ दिसलं का. अशा वेळी धीर दिला तर लक्ष आणखीच स्वतःकडे जातं. म्हणून मी भीतीशी भांडत नाही. याची नजर स्वतःवरून उठून कशाकडे जाईल, ते शोधते. क्लासवाल्यांना हे फारसं पटत नाही. त्यांच्याच क्लासची मुलं माझ्याकडे येतात, एवढं मात्र नमूद करते.

भावडूच्या बाबतीत ते सापडायला वेळ लागला. मध्यंतरी आम्ही शेतीवर बोललो, केळीच्या भावावर बोललो. एकदा सहज विचारलं, “पोलीस स्टेशनात कधी गेला होतास?”

“एकदा. वडिलांबरोबर.” आणि मग एकदम त्याची प्रमाण मराठी सुटली. “मना बाप सकायपाइन बठेल व्हता मॅडम, कोनी पानी बी इचारं नई.”

विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली होती. खान्देशात हे दुखणं प्रत्येक शिवारात आहे. रात्रीतून केबल कापून नेतात, आतलं तांबं विकतात आणि ऐन पाणी द्यायच्या दिवसांत पीक वाळतं. वडील तक्रार द्यायला गेले. कुठलं पोलीस स्टेशन ते जाऊ द्या. दिवसभर बाकावर बसवलं, संध्याकाळी ‘अर्ज लिहून द्या’ म्हणून बोळवण केली. अर्ज घेतला म्हणजे गुन्हा नोंदवला, अशी वडिलांची समजूत. भावडू तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. ते तसं नसतं हे त्याला कळत होतं, पण तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याची लाज त्याने इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि पोलिसांवर राग असलेला मुलगा पोलीस व्हायला निघालाय हे पॅनेलला कळू नये, म्हणून वर ‘समाजसेवेची आवड’ पांघरली होती.

मी फक्त एक प्रश्न विचारला. “त्या टेबलामागे तू असतास तर काय केलं असतंस?”

बराच वेळ गेला.

“पहिले बसायला खुर्ची दिली असती.”

“मग?”

“मग विचारलं असतं, केबल शेवटची कधी बघितली. रात्री थ्री फेज लाईट किती वाजता गेली.”

“लाईटचा काय संबंध?”

आता तो माझ्याकडे वळला, जवळजवळ कीव केल्यासारखा. “मॅडम, चालू लाइनीत केबल कोण कापेल? मरेल ना. लाईट गेल्यावरच कापतात. म्हणजे त्या फीडरचं, शिवाराला वीज देणाऱ्या लाइनीचं, लोडशेडिंगचं टाइमटेबल बघितलं की चोरीची वेळ बरीचशी कळते. तीन-चार शिवारांतल्या चोऱ्या आणि लाईटच्या वेळा एकत्र मांडल्या तर पुढची रात्र कोणती तेही कळू शकतं. आणि तांबं काढायला केबल जाळावी लागते. प्लास्टिकचा वास लपत नाही. नाल्यात काळा डाग सापडतो. तिथून भंगारवाले...”

तो बोलत राहिला. मांडीवरचा हात कधीच थांबला होता. घसा कोरडा पडला नाही. मी समोर बसले आहे याचंही त्याला भान नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर विहीर होती, तुटलेली केबल होती, फीडर होता. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि आले की मी खुर्चीत अगदी स्थिर बसते. मध्ये बोलून ते मोडू नये, एवढीच माझी कामगिरी.

बोलून झाल्यावर तो दचकला. “हे पॅनेलसमोर सांगायचं? तिथे खात्यातलेच वरिष्ठ असतात. राग नाही येणार त्यांना?”

नुसता राग सांगितला तर येईलही. म्हणून त्याला एक काम दिलं. गावातल्या निवृत्त हवालदाराकडे जायचं आणि विचारायचं, त्या दिवशी टेबलामागच्या माणसाचं काय चाललं असेल. तो गेला. चहा पिऊन, शिव्या खाऊन आला. हवालदार म्हणाले, बंदोबस्ताला अर्धं स्टेशन गेलेलं असतं, ठाणे अंमलदार एकटा, फोन वाजतोय, वायरलेस ओरडतंय, त्यात गुन्हा दाखल झाला आणि उघडकीला आला नाही की वरून विचारणा. “चूक होतीच,” भावडू मला म्हणाला, “पण मी त्या खुर्चीत बसल्यावर माझ्याकडूनही होऊ शकते.” हे वाक्य कुठल्या फाइलीत मिळालं असतं?

त्यानंतर कायदाही त्याला वेगळ्या तऱ्हेने लक्षात राहायला लागला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेले तीन नवे फौजदारी कायदे मुलं कलमांच्या जुन्या-नव्या तक्त्यातून पाठ करतात आणि पॅनेलसमोर खुनाच्या 302 चं 103 झालं की 301 झालं यात गडबडतात. याने ते वडिलांच्या केबलवरून वाचले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173: दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असली तरी घ्यायची, फिर्यादीला प्रत फुकट द्यायची. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करायची. ठाण्यात नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येतं. त्या संध्याकाळी वडिलांना नेमकं काय सांगायला हवं होतं, ते सगळं त्यात होतं. ते तो आता विसरेल कसा?

तुम्हालाही हेच सांगेन. जिल्ह्याची माहिती ‘सामान्य ज्ञान’ म्हणून घोकू नका, आपल्या रस्त्याने वाचा. नंदुरबारचे असाल तर जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला हे सांगून थांबू नका. पूर्वी एसपी ऑफिस धुळ्याला होतं, तेव्हा धडगावच्या माणसाला तिथवर जायला काय पडत असेल, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. धरणगावचे असाल तर 1825 साली तिथे उभ्या राहिलेल्या भिल्ल पलटणीबद्दल वाचा आणि ज्यांच्याशी इंग्रज लढत होते त्यांनाच पलटणीत का घेतलं, यावर स्वतःचं मत ठेवा. मत चुकीचं ठरलं तरी चालेल.

‘आमदारांचा फोन आला तर?’ हा प्रश्न येऊ शकतो. ‘कायद्यानुसार कारवाई करेन’ हे उत्तर ऐकून ऐकून पॅनेलचे कान किटले असतील. फोन उचलाल का, काय बोलाल, स्टेशन डायरीला काय नोंद कराल, वरिष्ठांना कधी कळवाल, हे क्रमाने सांगा. पदवीनंतरच्या वर्षांबद्दल विचारलं तर केलं ते सांगा. केळीची गाडी भरली असेल तर तेही सांगा, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि अहिराणीबद्दल: ‘डोळा’चा ‘डोया’ झाला म्हणून मुद्दाम थांबून, माफी मागून दुरुस्ती करू नका. उद्या तुमच्यासमोर बसणारा फिर्यादी अहिराणी, पावरी नाहीतर भिलोरीतच रडणार आहे.

एक सूचना आईवडिलांना. आदल्या रात्री ‘समदं तुझ्यावरच आहे रे भाऊ’ असा फोन कृपा करून करू नका. जेवलास का, एवढं विचारून ठेवून द्या.

भावडूची मुलाखत झाली. सुरुवातीला त्याला मध्य प्रदेशच्या सीमेवरचा तालुका म्हणून दारूच्या चोरट्या वाहतुकीबद्दल विचारलं, तिथे तो जेमतेम बोलला. मग ‘पोलीसच का?’ आलं. त्याने दोन वाक्यांत बाकावर बसलेले वडील सांगितले, पोलीस स्टेशनचं नाव घेतलं नाही, आणि तिसऱ्या वाक्याला केबलवर आला. खात्यातल्या साहेबांनी तिथेच धरलं. “भंगारवाल्याच्या गोदामाची झडती कशी घ्याल?” कलम त्याला आठवेना. “कलम आत्ता आठवत नाही, सर,” तो म्हणाला, “पण पंच घेईन, पंचनामा करीन आणि झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण करीन, नव्या कायद्यात ते सांगितलंय.” साहेबांनी लोडशेडिंगचं पुन्हा विचारलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मार्क लिहिले की लोडशेडिंग, ते त्याला कळलं नाही.

निकाल यायचा आहे. तोवर पुढच्या पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरून ठेव, असं मी त्याला फोनवर सांगितलं. तो त्याने आधीच भरला होता.