रेसिडेन्सीचा अर्ज भरण्याआधी

आधी एक गैरसमज काढून टाका. अमेरिकेतल्या नॅशनल पार्कची रेसिडेन्सी (फोटोग्राफर किंवा इतर कलाकाराने काही काळ पार्कमध्ये राहून काम करायचं, अशी योजना) म्हणजे फुकटची सफारी नव्हे. राहायला बहुधा केबिन मिळते, मानधन मिळेलच असं नाही. बदल्यात लोकांसमोर कार्यक्रम करावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी एक कलाकृती पार्कला द्यावी लागते. त्या कलाकृतीचे हक्क कोणाकडे राहतात, ते कलम दोनदा वाचा. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशी अर्जदार चालतात का, कोणता व्हिसा लागतो, हे आधीच विचारून घ्या.

नवखे चुकतात ते फोटो निवडताना. ६०० मिमीच्या टेलिफोटो लेन्सने टिपलेले दहा सुटे पक्षी पाठवले की परीक्षकांना हात दिसतो, नजर दिसत नाही. एकाच विषयाची सलग मालिका द्या. प्रस्तावही 'मला निसर्ग आवडतो' असा नको. याच पार्कमध्ये काय शोधणार ते लिहा.

आता विजेचं. लेक सुपिरिअर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावरही असं पार्क आहे; तिथे कलाकार राहतात त्या डॅसलर केबिनमध्ये वीज नाही, नळही नाही. २०,००० एमएएचच्या पॉवरबँकेत साधारण ७४ वॉट-तास असतात. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तर १६ वॉट-तासांची कॅमेरा बॅटरी जेमतेम तीनदा भरते. म्हणून भरलेल्या पाच-सहा बॅटऱ्या आणि दोन पॉवरबँका न्या (त्या हातसामानातच, चेक-इन बॅगेत चालत नाहीत). गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, तेव्हा रात्री ती झोपायच्या पिशवीत घ्या. लॅपटॉप घरीच. ड्रोनही, नॅशनल पार्कांत तो २०१४ पासून बंद आहे.