जिन्याखालचा काळोख राखाडी का येतो?

प्रश्न : एका जुन्या दालनाचं एचिंग करतो आहे, म्हणजे लेप दिलेल्या प्लेटवर सुईने रेघा ओढायच्या, त्या रसायनाने खोल खाऊ द्यायच्या आणि त्यांत शाई भरून छापा काढायचा. एका बाजूच्या खिडकीतून उजेड येतो आणि जिन्याखाली मिट्ट काळोख आहे. त्या काळोखासाठी तांब्याच्या प्लेटवर रेघा अगदी चिकटून ओढल्या, प्लेट तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बराच वेळ ठेवली. तरी छाप्यात तिथे राखाडी डाग येतो, कडेला तेवढी काळी किनार. शिवाय जिना भलत्याच हाताला वळलाय.

उत्तर : रेघा चिकटून ओढल्यात, म्हणूनच काळोख गेला. दोन रेघांमधली तांब्याची बारीक भिंत फेरिकने खाल्ली की तिथे नुसता उथळ खळगा उरतो. प्लेट पुसताना त्यातली शाई कापडाबरोबर निघून जाते. कडेच्या खाचेत ती अडकून राहते. तुमची काळी किनार तीच.

काळेपणा येतो तो रेघेच्या खोलीतून. जिन्याखालच्या रेघांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा आणि त्या जास्त वेळ खाऊ द्या. सगळं चित्र एकदम खाऊ देऊ नका. आधी थोडा वेळ ठेवून प्लेट बाहेर काढा, धुवा, वाळवा आणि खिडकीलगतच्या भिंतीच्या फिक्या रेघा वॉर्निशने झाका, म्हणजे द्रावण त्यांना लागणार नाही. मग पुन्हा आत. पुढच्या खेपेला जमीन आणि छत झाका. जिन्याखालच्या रेघा शेवटपर्यंत उघड्या राहतील. पाच, दहा, वीस, चाळीस मिनिटं अशी दुपटीने वाढणारी चाचणी आधी तांब्याच्या तुकड्यावर करून बघा, कारण द्रावण किती तीव्र आणि किती कोमट आहे यावर सगळं बदलतं. प्लेट पालथी ठेवा, नाहीतर गाळ रेघांतच बसतो.

खिडकीच्या तावदानात मात्र एकही रेघ नको. तिथला उजेड म्हणजे कोरा कागदच.

पिरानेसी या इटालियन छापचित्रकाराच्या काल्पनिक तुरुंगांच्या प्लेटा पाहा. 1750च्या सुमाराच्या छाप्यांत रेघ मोकळी आहे; 1761मध्ये त्याच प्लेटांवर त्याने नव्याने काम केलं आणि कमानींखाली अंधार साचला. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 1642चं अंधाऱ्या खोलीतल्या संत जेरोमचं चित्र मला त्याहून आवडतं. तिथे खिडकीच काय ती उजळ आहे, बाकी खोली डोळे ताणून शोधावी लागते.

आत्ताची प्लेट फेकू नका. खळग्यावर ॲक्वाटिंट करा, म्हणजे राळेची पूड पसरून, तापवून चिकटवा आणि प्लेट पुन्हा खाऊ द्या. पृष्ठभागाला बारीक दाणा आला की तो शाई धरेल.

जिन्याचं म्हणाल, तर छापा उलटाच येणार. ट्रेसिंगचा कागद प्लेटवर पालथा घालून रेघा उतरवा आणि सुई चालवताना मूळ रेखाटन आरशात बघत राहा. अर्थात रेम्ब्रांटने आम्स्टरडॅमचं दृश्य प्लेटवर सरळच काढलं आणि छाप्यात अख्खं शहर उलटलं. दालन ओळखीचं नसेल, भिंतीवर घड्याळ किंवा अक्षरं नसतील, तर मीही जिना तसाच वळू देईन.